वाळू, मांडव, प्लॅस्टिक: अल्मेरियाच्या भाजीपाल्याचं प्रकरण

पॉलीहाऊसची, म्हणजे प्लॅस्टिकच्या हरितगृहाची, चर्चा आपल्याकडे बहुधा सांगाड्यापासून सुरू होते. पाइप किती जाडीचे, प्लॅस्टिक किती मायक्रॉनचं, अनुदान किती टक्के, फॉगर (आत गारव्यासाठी पाण्याचं धुकं सोडणारे फवारे) लागतील का. पीक कोणतं घ्यायचं हे त्यानंतर, आणि ते कोणत्या महिन्यात कोणाला विकायचं हे तर त्याच्याही नंतर. इथे मांडलेल्या प्रकरणात हा क्रम उलटा होता. स्पेनच्या आग्नेय कोपऱ्यातल्या अल्मेरिया प्रांतात आज ३०,००० हेक्टरहून अधिक शेती प्लॅस्टिकखाली आहे. उपग्रहाच्या चित्रात समुद्राकाठी जो पांढरा पट्टा ठळक दिसतो तो हाच. युरोपच्या हिवाळी बाजारातल्या ढोबळी मिरची, काकडी, वांगी, टोमॅटो यांचा मोठा वाटा इथून जातो. पण ज्यांनी ही शेती उभी केली त्यांच्या डोक्यात सुरुवातीला हरितगृह नव्हतंच. त्यांच्यापुढे उघड्या शेताच्या तीन अडचणी होत्या: खारं पाणी, वाईट माती आणि वारा. प्लॅस्टिक सगळ्यात शेवटी आलं.

जागा

या पट्ट्याचा गाभा म्हणजे काम्पो दे दालियास. उत्तरेला २,२०० मीटरहून उंच सिएरा दे गादोरचा डोंगर, दक्षिणेला भूमध्य समुद्र आणि मधे सपाट माळ. एल एहिदो, रोकेतास दे मार, ला मोहोनेरा, विकार ही इथली गावं. पाऊस वर्षाला २०० ते २५० मिलिमीटर. आपल्या माणदेशातही साधारण याच्या दुप्पट पडतो. ऊन मात्र वर्षाला ३,००० तासांच्या आसपास. उत्तरेचा गारठा डोंगर अडवतो, रात्रीचं तापमान समुद्र सावरतो, त्यामुळे हिवाळ्यात पीक जाळणारी थंडी क्वचितच पडते.

एवढं वाचून जागा चांगली वाटेल. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मात्र तिथे मेंढ्या चरायच्या. जमीन उथळ, खडकाळ, चुनखडीची. पूर्वेकडून येणारा लेवांते आणि पश्चिमेकडून येणारा पोनिएंते हे दोन वारे आलटूनपालटून पिकाला झोडपायचे. अल्मेरियाची माणसं पोटासाठी अल्जीरिया, अर्जेंटिना, नंतर कातालोनिया असं कुठेकुठे जायची.

स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीनं १९३९ मध्ये राष्ट्रीय वसाहत संस्था स्थापन केली आणि तिनं या माळावर विहिरी खोदायला, पाट काढायला, कुटुंबं वसवायला घेतलं. कल्पना साधीच होती, पाणी आणायचं आणि नेहमीसारखी बागायत करायची. पण विहिरींचं पाणी मचूळ निघालं. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा ज्यांनी पाहिला आहे त्यांना पुढचं सांगायला नको. खाऱ्या पाण्यानं चिकण माती भिजवली की दिवसभराच्या उन्हात पाणी उडतं, मीठ वर येतं आणि मुळं तहानलेली राहतात.

वाळू

शेजारच्या ग्रानादाच्या किनाऱ्यावर छोटे शेतकरी पूर्वीपासून एक गोष्ट करत होते. शेतावर समुद्रकाठची वाळू पसरायची आणि त्या वाळूतून रोप लावायचं. या पद्धतीला स्पॅनिशमध्ये एनारेनादो म्हणतात. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात वसाहत संस्थेनं रोकेतासमध्ये हिचे प्रयोग घेतले.

रचना तीन थरांची असते. मूळ जमीन सपाट करून तिच्यावर बाहेरून आणलेल्या चिकण मातीचा थर, त्यावर शेणखताचा पातळ थर आणि सगळ्यात वर सुमारे १० सेंटिमीटर जाड वाळू. रोपाची मुळं खत आणि मातीच्या सांध्यात वाढतात, वाळू फक्त झाकण म्हणून. हे झाकण करतं काय? बारीक मातीच्या कणांमधून पाणी केशाकर्षणानं वर चढतं; वाळूच्या जाड कणांपाशी ती साखळी तुटते. पाणी उडत नाही, म्हणून मीठ पृष्ठभागावर साचत नाही. वाफसा जास्त दिवस टिकतो. वाळू दिवसा तापते आणि रात्री मुळांजवळची ऊब धरून ठेवते. परिणाम असा की त्याच मचूळ पाण्यावर, त्याच उन्हात, कोणतंही छप्पर नसताना भाजी तरारली, शिवाय आधीच्यापेक्षा लवकर तोडणीला आली. लवकर म्हणजे बाजारात इतरांचा माल नसताना. या प्रकरणातला कळीचा शब्द माझ्या मते हाच, ‘लवकर’.

काम मात्र जिकिरीचं होतं. एका हेक्टरवर १० सेंटिमीटर म्हणजे १,००० घनमीटर वाळू. काही वर्षांनी ती बाजूला ओढून खाली नवं खत घालायचं आणि परत पसरायची. या वाळूसाठी किनारे आणि वाळूच्या टेकड्या ओरबाडल्या गेल्या. पुढे किनाऱ्यावरून वाळू उचलण्यावर निर्बंध आले. हिशोबाच्या वहीत हा खर्च कोणी लिहिला नव्हता. या कहाणीत असे न लिहिलेले खर्च आणखी येतील.

मांडव

वाळूनं माती आणि पाण्याचा प्रश्न सुटला, वारा तसाच राहिला. बोरूच्या काड्यांचे कुड बांधून काही काळ काम चालवलं. पण उत्तर डोंगराच्या बाजूला, द्राक्षांच्या बागांत होतं.

अल्मेरिया एकेकाळी खाण्याच्या द्राक्षांसाठी प्रसिद्ध होतं. ओहानेस नावाची जाड सालीची जात, लाकडी पिंपात बुचाच्या झाडाच्या भुशामध्ये भरून इंग्लंड-अमेरिकेपर्यंत जायची. १९२० च्या दशकात फळमाशीच्या कारणानं अमेरिकेनं दार बंद केलं आणि तो व्यापार उतरणीला लागला. पण ही द्राक्षं ज्यावर चढवायचे तो मांडव बांधणारे कारागीर तिथे होते. लाकडी खांब, कडेला जमिनीत पुरलेले ताण, वर तारांची जाळी. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदाराला हे चित्र वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

१९६३ मध्ये अशा मांडवावर पॉलिथिनचा कागद टाकून त्याखाली भाजी घेतली गेली आणि या भागातलं पहिलं प्लॅस्टिकचं हरितगृह उभं राहिलं. तारांच्या दोन जाळ्या आणि त्यांच्यामध्ये दाबलेला कागद, की वाऱ्यानं उडू नये. छत सपाट. पावसाचं पाणी साचू नये म्हणून कागदाला भोकं पाडायची. पाऊस इतका कमी की ते चालून जायचं. इंजिनिअरच्या नजरेनं पाहिलं तर ही रचना गबाळी होती. हवा खेळत नाही, आतली वाफ थेंब होऊन पिकावर पडते, बुरशी येते. नंतर छताला उतार दिला गेला, खिडक्या आल्या, लाकडाच्या जागी लोखंड आलं. पण मूळ मांडव अजून ओळखू येतो आणि बहुसंख्य हरितगृहांत आजही तापवण्याची सोय नाही. हिवाळ्यात उष्णता सूर्यच देतो.

नेदरलँड्समधलं काचेचं हरितगृह तापवलेलं, दिवे लावलेलं, कर्बवायू सोडलेलं असतं. तिथे टोमॅटोचं उत्पादन एका चौरस मीटरला ५० किलोच्या घरात जातं. अल्मेरियात साधारण १० किलो. आकडे शेजारी ठेवले की अल्मेरिया मागासलेलं वाटतं, आपल्याकडच्या सल्लागारांनाही तसंच वाटतं. पण भांडवलाचा आणि इंधनाचा खर्च त्या दोन आकड्यांखाली लिहिला की चित्र पालटतं. २०२१-२२ मध्ये युरोपात गॅसचे दर भडकले तेव्हा डच शेतकऱ्यांनी लागवडी पुढे ढकलल्या, काचघरं रिकामी ठेवली. अल्मेरियाच्या गॅसच्या बिलात भर पडायला मुळात बिलच नव्हतं.

महिने

इथे थोडं थांबायला हवं, कारण बाकी सगळं पंचांगावर उभं आहे.

अल्मेरियात लागवड ऑगस्ट-सप्टेंबरात होते. माल ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि मे-जूनपर्यंत चालतो. काहीजण मधे पीक काढून वसंतात कलिंगड किंवा खरबूज घेतात. जून-जुलैत बहुतेक हरितगृहं रिकामी असतात. छतावर पांढऱ्या चुनखडीची निवळी फवारलेली असते, आत माती भिजवून, वर पारदर्शक कागद अंथरून उन्हानं तापवली जाते, म्हणजे रोगजंतू आणि मुळांना लागणारे सूत्रकृमी मरतात.

मग उन्हाळ्यात पीक का घेत नाहीत? उष्णता हे एक कारण, दुसरं कारण वजनदार: उन्हाळ्यात जर्मनी, पोलंड, फ्रान्स, नेदरलँड्स इथल्या उघड्या शेतात आणि काचघरात भरपूर भाजी असते. तेव्हा दोन-अडीच हजार किलोमीटर ट्रकनं माल नेऊन विकण्यात काही हशील नाही. अल्मेरियाच्या हरितगृहाला पैसे मिळतात ते उत्तर युरोपचं उघडं शेत गोठलेलं असतं त्या महिन्यांत. म्हणजे या प्लॅस्टिकची किंमत त्याच्या आत काय पिकतं यापेक्षा दूरच्या उघड्या शेतात काय पिकत नाही यावर ठरते. १९८६ मध्ये स्पेन युरोपीय समुदायात गेला, हळूहळू सीमांवरचे अडथळे गेले आणि त्या बाजाराचं दार सताड उघडलं.

धारणक्षेत्र लहान आहे, बहुतेक कुटुंबांकडे दोन-अडीच हेक्टर. एवढ्या जमिनीवर एकटा माणूस जर्मनीतल्या सुपरमार्केटशी सौदा करू शकत नाही. त्यामुळे सहकारी संस्था उभ्या राहिल्या आणि सोबत आल्या ‘अलोंदिगा’, म्हणजे लिलावगृहं. आपल्या बाजार समितीत बोली चढत जाते, तिथे उतरते. फलकावर वरचा दर दिसतो, तो खाली येत जातो आणि पहिला खरेदीदार बटण दाबतो तो दर पक्का. पतपुरवठ्यासाठी स्थानिक ग्रामीण बँक होती, आजची काहामार. तिनं १९७५ मध्ये लास पाल्मेरियास हे प्रयोग केंद्र सुरू केलं. बँकेनं कर्ज द्यावं आणि त्याच पिकावर संशोधनही स्वतःच करावं, ही व्यवस्था मला या सगळ्या प्रकरणात विशेष अनुकरणीय वाटते. कर्जदाराच्या पिकाला काय झालं हे बँकेला वसुलीच्या आधी कळतं.

मिरचीतलं विष

आता त्या हंगामाकडे येऊ ज्यानं या शेतीचा आतला कारभार बदलला.

उघड्या शेतात किडीला ऊन, वारा, पाऊस आणि शत्रू हे सगळे भेटतात. प्लॅस्टिकखाली पाऊस धुऊन काढत नाही, वारा उडवत नाही, बाहेरचे भक्षक आत येत नाहीत, खायला मात्र महिनोन्‌महिने कोवळा पाला. त्यात ही हरितगृहं एकमेकांना चिकटून, मैलोन्‌मैल. १९८० च्या दशकात पश्चिमी फुलकिडा नावाचा थ्रिप्स इथे पोचला. तो फुलात घुसून बसतो, वर टोमॅटोवरच्या स्पॉटेड विल्ट विषाणूचा प्रसार करतो. पांढऱ्या माशीनं आणखी विषाणू आणले. शेतकरी फवारत गेले, कीड सोसत गेली. एकामागून एक औषधं निकामी झाली. तेलंगणा, आंध्र आणि महाराष्ट्रातल्या मिरचीवर २०२१ च्या सुमारास काळे थ्रिप्स आले तेव्हा दर चार दिवसांनी पंप पाठीवर घेणाऱ्यांना ही अवस्था ओळखीची वाटेल.

डिसेंबर २००६ मध्ये जर्मनीतल्या तपासणीत स्पॅनिश ढोबळी मिरचीत आयसोफेनफॉस-मिथाइल या कीटकनाशकाचे अंश सापडले. युरोपात त्याच्या वापराला परवानगीच नव्हती. म्हणजे मर्यादेपेक्षा थोडं जास्त, असा हा प्रकार नव्हता. चोरट्या मार्गानं आलेलं औषध वापरलं गेलं होतं. सुपरमार्केटांनी मागणी थांबवली, ट्रक अडकले, ऐन हंगामात मिरचीचा दर घसरला. सगळे शेतकरी ते औषध वापरत होते असं नाही, पण मिरचीच्या पेटीवर प्रांताचं नाव असतं, फवारणाऱ्याचं नसतं.

पर्याय हाताशी होता आणि दुर्लक्षित होता. अँब्लिसियस स्वर्स्की नावाचा, किडी खाणारा सूक्ष्म कोळी (माइट) २००५ च्या सुमारास बाजारात आला होता. हा पूर्व भूमध्य भागातला, म्हणून उष्णतेला न कचरणारा. थ्रिप्सची पिल्लं खातो, पांढऱ्या माशीची अंडी खातो आणि यांतलं काहीच नसेल तेव्हा मिरचीच्या फुलातले परागकण खाऊन जगतो. हा शेवटचा गुण फार मोलाचा. कीड येण्याआधीच फौज झाडावर वसवता येते. कोंड्याने भरलेली छोटी पाकिटं झाडाला टांगायची, त्यातून कोळी आठवडेच्या आठवडे बाहेर पडत राहतात. फुलात लपलेल्या प्रौढ थ्रिप्ससाठी ओरियस नावाचा ढेकणाच्या जातकुळीतला शिकारी कीटक सोडायचा.

पुढच्या दोन हंगामांत मिरचीखालचं जवळजवळ सगळं क्षेत्र मित्रकिडींवर, म्हणजे कीड खाणाऱ्या अशा कीटकांवर आणि कोळ्यांवर, गेलं. शेतीविस्ताराच्या क्षेत्रात इतका झपाट्याचा बदल विरळा. अल्मेरिया ज्यात येतं त्या आंदालुसिया प्रदेशाच्या सरकारनं आर्थिक मदत दिली, संस्थांच्या तंत्रज्ञांनी बांधाबांधावर जाऊन शिकवलं, हे खरं. पण निर्णायक दोनच गोष्टी होत्या असं मला वाटतं: खरेदीदारानं दार लावलं होतं आणि औषधांनी थ्रिप्स मरतच नव्हता. प्रबोधनानं जे दहा वर्षांत झालं नाही ते या दोन गोष्टींनी केलं.

हा बदल एकट्यादुकट्यानं करण्यासारखाही नव्हता. शेजाऱ्याच्या प्लॅस्टिकमधून येणारी कीड आणि शेजाऱ्याच्या पंपातून येणारं औषध, दोन्ही आपल्या कोळ्यांना मारक. रोपवाटिकेत मारलेल्या औषधाचा अंश रोपावर राहिला तरी सोडलेले कोळी मरतात, म्हणून रोपवाटिकांनाही फवारणीची यादी बदलावी लागली. दुहेरी दारं, बारीक जाळी आली. जाळी बारीक केली की हवा कमी खेळते, ती डोकेदुखी वेगळी. आणि जुन्या जालीम औषधांनी दबून राहिलेला मावा वर आला. त्यासाठी काहींनी हरितगृहातच बार्लीचे गुच्छ लावले. बार्लीवर बार्लीचाच मावा पोसायचा, मिरचीला तो लागत नाही. त्याच्यावर परोपजीवी गांधीलमाशी वाढवायची, म्हणजे मिरचीचा मावा आला की ती तयार. इथे पॉलीहाऊसचा बंदिस्तपणा पहिल्यांदा शेतकऱ्याच्या बाजूनं उभा राहिला. उघड्या शेतात सोडलेले मित्रकीटक वाऱ्यावर जातात, बंद घरात ते नेमून दिलेल्या जागी राहतात.

टोमॅटोत हा कोळी चालत नाही. टोमॅटोच्या खोडावरच्या चिकट लवेत तो अडकतो. तिथे नेसिडिओकोरिस हा त्याच जातकुळीतला दुसरा कीटक वापरतात, आणि तो भुकेला राहिला की खुद्द टोमॅटोचं खोड चोखतो. परागीभवनासाठी टोमॅटोत बंबल-बी माश्यांच्या पेट्या आधीपासूनच ठेवल्या जात. औषधानं त्या माश्या मरू नयेत म्हणून टोमॅटोवाल्यांचा हात फवारणीत थोडा आवरलेला होता.

मेथी

२०११ च्या मे महिन्यात उत्तर जर्मनीत ई-कोलाय जिवाणूच्या एका घातक प्रकाराची साथ आली. २६ मे रोजी हांबुर्गच्या आरोग्य प्रशासनानं जाहीर केलं की स्पेनच्या काकड्यांवर संशय आहे. काही दिवसांत कळलं की त्या काकड्यांवरचा जिवाणू साथीचा नव्हताच. जूनमध्ये खरा स्रोत सापडला: लोअर सॅक्सनीतल्या एका शेतावर तयार झालेले मोड. आणि ते मोड होते मेथीचे, बियाणं इजिप्तहून आलेलं. साथीत पन्नासहून अधिक माणसं दगावली.

काकडी निर्दोष ठरेपर्यंत अल्मेरियात ती कचऱ्यात गेली होती. युरोपीय संघानं भाजी उत्पादकांसाठी २० कोटी युरोंहून अधिक भरपाई मंजूर केली, ती अनेक देशांत वाटली गेली. पाच वर्षांपूर्वी मिरचीत दोष खरा होता, इथे नव्हता, पण दोन्ही वेळा बाजार तितक्याच वेगानं बंद झाला. एकाच दूरच्या गिऱ्हाईकावर सगळा हंगाम टांगला की हे होणारच. त्या वेळी निदान हंगाम शेवटाकडे आला होता; हेच डिसेंबरात घडतं तर कितीजण उभे राहिले असते कोण जाणे.

न लिहिलेले खर्च

पाणी. ठिबक सगळीकडे आहे आणि किलोमागे लागणारं पाणी उघड्या शेतापेक्षा कमी आहे. तरीही भूजल उपशानं खचलं, कारण किलोमागे वाचलेलं पाणी नव्या हेक्टरवर गेलं. किनाऱ्याजवळच्या थरांत समुद्राचं पाणी शिरलं. शेतकऱ्यांनी वरचा खारट थर सोडून खालच्या, गोड्या थरात बोअर नेले. मग एक चमत्कारिक गोष्ट झाली. न उपसलेल्या वरच्या थराची पातळी चढली आणि एल एहिदोजवळ बाल्सा देल सापो नावाच्या सखल भागात तळं फुगून घरं-शेतं पाण्याखाली यायला लागली. खाली पाणी संपतंय आणि वर पूर. आता बालेर्माजवळ समुद्राचं पाणी गोडं करण्याचा प्रकल्प आहे. ते पाणी विहिरीच्या पाण्यापेक्षा महाग पडतं, म्हणून शेतकरी ते विहिरीच्या पाण्यात मिसळून वापरतो.

प्लॅस्टिक. छताचा कागद दर तीन-चार वर्षांनी बदलावा लागतो. पुनर्वापराची यंत्रणा आहे, पण ओढे-नाल्यांतून फाटके तुकडे समुद्रात जातात. २०१२ मध्ये शेजारच्या ग्रानादाच्या किनाऱ्यावर एक स्पर्म व्हेल मेलेला सापडला. त्याच्या पोटात सुमारे १८ किलो प्लॅस्टिक होतं आणि त्यात हरितगृहाचा कागद होता. याच प्लॅस्टिकचा एक अनपेक्षित परिणामही आहे. पांढरी छतं ऊन परत फेकतात. अल्मेरिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं की १९८३ ते २००६ या काळात आसपासचा प्रदेश तापत असताना हा पट्टा दर दशकाला ०.३ अंशानं थंड होत गेला. यावरून हरितगृहांना पर्यावरणाचं प्रमाणपत्र देण्याची घाई मात्र करू नये.

माणसं. तोडणी, शेंडे खुडणं, झाड बांधणं ही कामं यंत्रानं होत नाहीत. सुरुवातीला घरचेच राबत. क्षेत्र वाढलं तसे मोरोक्कोतून, नंतर सहाराच्या दक्षिणेकडून मजूर आले. अनेकांकडे कागदपत्रं नाहीत, म्हणून कायद्यातलं किमान वेतन मागण्याची सोय नाही. हरितगृहांच्या मधल्या मोकळ्या जागांत टाकाऊ प्लॅस्टिक आणि लाकडी फळ्यांच्या झोपड्या आहेत. फेब्रुवारी २००० मध्ये एका स्थानिक तरुणीच्या खुनानंतर एल एहिदोत तीन दिवस मोरोक्कन मजुरांवर हल्ले झाले, दुकानं आणि घरं जाळली गेली. मजुरांनी काम बंद केलं तेव्हा गावाला आपली भाजी कोणाच्या हातांवर उभी आहे हे हिशोबासकट कळलं. मिरचीच्या प्रकरणात खरेदीदारानं दोन हंगामांत शेती बदलायला लावली. मजुरीच्या बाबतीत त्याच खरेदीदारानं तितका नेट लावला असता तर काय झालं असतं, हा प्रश्न मला सतावतो. अंशाची तपासणी प्रयोगशाळेत होते. झोपडीची तशी होत नाही, आणि झोपडी हटवली की किलोचा दर वाढतो.

आपल्या बांधावरून

या प्रकरणातून महाराष्ट्रात काही उचलायचं तर सांगाडा उचलू नये. अल्मेरिया ३७ अक्षांशाच्या जवळ आहे, पुणे साडेअठरावर. तिथे प्लॅस्टिक हिवाळ्यातली ऊब धरण्यासाठी आहे. आपल्याकडे हिवाळा हा भाजीचा उघड्यावरचाच उत्तम हंगाम. अडचण आहे ती एप्रिल-मेच्या उन्हाची आणि अवेळी पावसाची. उन्हाळ्यात बंद पॉलीहाऊस भट्टी होते, तिथे शेडनेट, म्हणजे सावलीची जाळी, बरी. रंगीत ढोबळी पॉलीहाऊसमध्ये घेणाऱ्याचा माल जेव्हा बाजारात येतो तेव्हा उघड्यावरची हिरवी ढोबळीही शेजारच्या गाळ्यावर असते, आणि हॉटेलं सोडली तर गिऱ्हाईक स्वस्त तेच उचलतं. राष्ट्रीय फलोत्पादन अभियान २००५-०६ मध्ये सुरू झालं, निम्म्या खर्चाचं अनुदान मिळू लागलं आणि पॉलीहाऊसं उभी राहिली. उघडं शेत कोणत्या आठवड्यांत गप्प असतं, हे कोष्टक प्रकल्प अहवालात मी तरी क्वचितच पाहिलं आहे. अर्जाच्या नमुन्यात मायक्रॉनचा रकाना असतो.

अल्मेरियाशी खरं नातं सांगायचं तर ते नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांचं आहे. अवकाळी आणि गारपिटीनं हैराण झालेले बागायतदार आता आपल्याच मांडवावर प्लॅस्टिक चढवतात. तिथे पीक ठरलेलं आहे, बाजार माहीत आहे, उघड्या शेताची अडचण नेमकी ठाऊक आहे आणि त्या अडचणीपुरतंच प्लॅस्टिक आहे. खर्च जबर आहे, कागद वाऱ्यानं फाटतो, आर्द्रता कोंडून भुरी हा बुरशीचा रोग वाढण्याची भीती असते. पण प्रश्नाचा क्रम बरोबर आहे.

मोरोक्को

अल्मेरियापुढचं आजचं संकट हवामानाचं नाही की किडीचं नाही. समुद्रापलीकडे मोरोक्कोत अगादीरच्या भागात त्याच महिन्यांत, त्याच उन्हात टोमॅटो पिकतो आणि तिथली मजुरी स्पेनच्या तुलनेत फारच कमी आहे. २०१२ मध्ये युरोपीय संघ आणि मोरोक्को यांच्यातला शेतमालाचा नवा करार लागू झाला आणि तो टोमॅटो युरोपात अधिक सहज जाऊ लागला. ज्या रिकाम्या महिन्यांवर अल्मेरिया जगत होतं त्यात आता दुसरा दुकानदार आहे. परिणाम लागवडीत दिसतो. अल्मेरियात टोमॅटोचं क्षेत्र घटत गेलं, मिरचीचं वाढलं. मिरचीत मित्रकिडींचं जमलेलं तंत्र आणि कमी अंशांची हमी हाताशी आहे, ती मोरोक्कोला लगेच देता येत नाही, असा त्यामागचा होरा.

शेतकरी संघटना मोरोक्कन टोमॅटोच्या आयातीवर बंदरात आणि रस्त्यांवर निदर्शनं करतात. न्यायालयातही लढाई चालू आहे. फ्रान्समधल्या एका शेतकरी संघटनेच्या दाव्यात ४ ऑक्टोबर २०२४ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयानं निकाल दिला की मोरोक्कोच्या ताब्यातल्या वादग्रस्त पश्चिम सहारात पिकलेल्या टोमॅटो आणि खरबुजांवर मूळ देश म्हणून मोरोक्को लिहिता येणार नाही, पश्चिम सहाराच लिहावं लागेल. दाव्याचा निकाल लेबलापुरता आहे. पेटीतल्या टोमॅटोचा दर त्यानं फारसा हलणार नाही, आणि अल्मेरियातले टोमॅटोवाले ऑगस्टच्या लागवडीआधी मिरचीच्या रोपांची नोंदणी करत आहेत.